बादशहा मागं बघत नाही

आमच्या गल्लीत बादशहा एकच, आणि त्याच्या डोक्यावर ताज नव्हे तर गोंडा झडलेली लाल टोपी. राज्य म्हणाल तर एक टांगा. घोड्याचं नाव नवाब. म्हणजे बादशहा हाकायचा आणि नवाब ओढायचा. संस्थान विलीन झालं त्या दिवशी मी त्याला मुद्दाम विचारलं होतं, "बादशाभाई, आता तुमच्या गादीचं कसं?" तर म्हणाला, "फाटलीया वैनी. दाभण आसंल तर द्या." टांग्यातली गादी हातात घेऊनच उभा होता.

मंगळवार पेठेच्या टोकाला आमची दोन घरं भिंतीला भिंत लागून. ह्या बाजूला आम्ही, त्या बाजूला बादशहा, त्याची बायको सलिमा आणि एकुलती एक मेहमुदा. मागं परसात दोघांत मिळून एक आड आणि मधल्या भिंतीला एक दार. दाराला कडी होती, पण ती लावायचं कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. सलिमाची लसणाची चटणी आमच्याकडे यायची आणि माझी बडबड तिच्याकडे जायची. कुणाचा फायदा झाला ते तिला विचारा.

बादशहाचा टांगा साधा नव्हता, गोष्याचा होता. चारी बाजूंनी जाड निळ्या कापडाचा पडदा, आत कोण बसलंय ते सूर्यालाही दिसू नये असा. आणि गोषा काही फक्त मोहल्ल्यातल्या बायकांनाच होता असं नाही. आमची सरदार-इनामदार घराणी काय कमी होती! त्यांच्या लेकी-सुना पडद्याशिवाय उंबरा ओलांडत नसत. ह्या सगळ्या सवाऱ्या बादशहाकडे. कारण त्याच्यासारखा शिस्तीचा टांगेवाला अख्ख्या कोल्हापुरात नव्हता.

शिस्त अशी, की सवारी बाहेर यायच्या आत बादशहा खाली उतरायचा, नवाबाच्या तोंडाशी जाऊन उभा राहायचा आणि घराकडे पाठ करायचा. बाई आत बसली की पुढच्या फळीवर बोटानं एकदा ठोकायची. टक. मग तो वर चढायचा आणि टांगा सोडायचा. मुक्काम आला की पुन्हा नवाबाच्या तोंडाशी. शेवटची सवारी उतरताना दोनदा टकटक. वीस वर्षांत बादशहानं एकदाही मागं वळून बघितलं नव्हतं. मी म्हणायची, "एखाद्या दिवशी पडद्यात बसून वाघ जाईल, बादशाभाई." तो म्हणायचा, "वाघिणीबी नेल्यात्या वैनी. ठोकल्याशी मतलब."

रोज दहाच्या सुमाराला तो चार पोरी शाळेला न्यायचा. इनामदारांच्या दोघी बहिणी, वकिलांची एक आणि आमची सरोजिनी. आम्ही काही इनामदार नव्हे. पण आमचे मालक इनामदारांकडे कारकून, आणि धन्याच्या घरचा थाट आपल्या घरी आणायची त्यांना भारी हौस. पालखी परवडली नाही म्हणून पडद्यावर भागवलं.

आणि मेहमुदा? ती सरोजिनीच्याच वर्गात, पण चालत. बाप टांग्यात दुसऱ्यांच्या पोरी घेऊन पुढं, ही टांग्याच्या धुळीत मागं. निघताना बादशहा तिला न चुकता सांगायचा, "कडंनं चाल गं, चाक लागंल." शाळेत नंबर मात्र हिचा वर. आमच्या सरोजिनीचा नंबर शोधायचा तर यादी खालून वाचावी लागे.

एक्कावन्न सालच्या दिवाळीपर्यंत हे असं चाललं. दोघी सातवीत होत्या. सातवीची फायनल म्हणजे त्या काळी मोठी गोष्ट. ती पास झाली की पोरीला पुढं ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण होता येई. मेहमुदानं ते मनाशी पक्कं धरलं होतं. आणि दिवाळीच्या सुट्टीत ती शहाणी झाली.

चौथ्याच दिवशी ख्वाजासाब अत्तारवाले बादशहाकडे येऊन बसले. जमातीतलं वजनदार माणूस. मेंदी लावलेली दाढी, कानात अत्तराचा फाया. माणूस वाईट नव्हे, पण गल्लीतली कुठली पोर कधी मोठी झाली हे त्यांना आयांच्याही आधी कळायचं. चहा घेतला, खाकरले आणि म्हणाले, "बादशा, आता पोरगी घरात बसव. कुरुंदवाडचं ठिकाण माझ्या बघण्यात हाय. पण त्यास्नी घरात बसलेली पोरगी पायजे. रस्त्यावरनं हिंडणारी नगं." भिंतीला कान लावायचीही गरज पडली नाही, मी आडावरच होते.

झालं. मेहमुदाची शाळा सुटली. येत्या रमजान ईदनंतर निकाह, असंही ठरल्यागत झालं.

मी बादशहाला गाठलं. "दुसऱ्यांच्या चार पोरी नेतायसा शाळंला. पाचवी घातली तर नवाब मरतोय व्हय?"

तो नवाबाला खरारा करत होता. हात थांबला नाही. "वैनी, त्या मोठ्या घरच्या पोरी. त्यांच्या बापास्नी कोण इचारतंय? मी टांगेवाला. मला समदी इचारत्यात."

बोलला ते खरं होतं. मी आल्या पावली घरी परतले.

मेहमुदा रडली नाही की ओरडली नाही. दप्तर ज्वारीच्या कणगीवर ठेवलं आणि घरकामाला लागली. नवाबाचं वैरण-पाणी तिच्याचकडे होतं. संध्याकाळी कडबा टाकता टाकता ती त्याला गुळाचा खडा द्यायची आणि भूगोल शिकवायची. "नवाब, कृष्णेला कुठल्या कुठल्या नद्या मिळत्यात? पंचगंगा झाली, आता पुढं?" मी आडावरून म्हणायची, "अगं, तो नापास हुतोय बघ." ती म्हणायची, "त्याला परीक्षेला तरी बसवणार हाईत का, काकू?"

मार्गशीर्षात आमची पाळी आली. आमच्या मालकांनी सरोजिनीचं लग्न ठरवलं, बिद्रीला. सरोजिनी माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आई, परीक्षेला चारच महिने राहिलेत गं." मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले. गल्लीभर तोंड चालवणाऱ्या मला त्या दिवशी खडा काय आणि तांदूळ काय, काही दिसत नव्हतं. अक्षता पडल्या, पोर गेली. म्हणून म्हणते, ख्वाजासाबांच्या दाढीला हात घालायच्या आधी आपल्या घरचा पदर बघावा.

लग्नाचा मांडव उतरला आणि टांग्यातली एक जागा रिकामी झाली. मी दोन दिवस त्या रिकाम्या जागेचा विचार केला. तिसऱ्या दिवशी परसातल्या दारातून सलिमाकडे गेले आणि तिच्या कानात सांगितलं. सलिमा चुलीपुढं होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर करपू दिली, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वैनी, तुमी नरकात जाणार."

"तू येणार का संगट?"

"येते की. तितं तरी चार माणसं दिसतील. सोळा वरसं झाली, ही भिंत बघतिया."

दुसऱ्या दिवशी मी बादशहाला सांगितलं, "बादशाभाई, नरसोबाच्या वाडीची माझी बहीण हाय न्हवं, तिची पोर आलीया शिकायला. कालिंदी. सरोजिनीच्या जागी तिला नेत चला." मला बहीण नाही. तीन भाऊ आहेत, आणि तिघंही बिनकामाचे. पण बादशहाला हे कुठून ठाऊक असणार?

पौष महिन्यात कालिंदी शाळेला जायला लागली. आमचे मालक नऊलाच कचेरी गाठायचे. ते गेले की मेहमुदा परसातल्या दारातून माझ्याकडे यायची. सरोजिनीचं नऊवारी, वर माझी शाल तोंडापर्यंत. माझ्या दारातून टांग्यापर्यंत चार पावलं. बादशहा नवाबाच्या तोंडाशी, घराकडे पाठ करून उभा. टक. टांगा सुटला! सख्खा बाप सख्ख्या लेकीला शाळेला घेऊन निघाला आणि मी दाराआड पदराचा बोळा तोंडात घालून हसत बसले.

हेडबाईंनी मेहमुदाचं नाव पटावरून काढलंच नव्हतं. समोर आजारी म्हणून लिहून ठेवलं होतं. तिला बघून म्हणाल्या, "ह्या आजारातून मुली सहसा परत येत नाहीत. बैस." इनामदारांच्या पोरींनी आणि वकिलांच्या पोरीनंही गुपित पाळलं. पडद्याआडचं जगणं त्यांना काय नवीन होतं?

फक्त नवाबाला कोण समजावणार! कालिंदी दारातून बाहेर पडली की गूळ मिळेल म्हणून तो खिंकाळायचा, पाय आपटायचा. बादशहा मला कौतुकानं सांगायचा, "वैनी, तुमची कालिंदी लई भारी पोर. जनावर माणूस पारखतंय बगा. पण कवा बोलत न्हाय. मुकी हाय का वं?"

"घसा बसलाय."

"दोन म्हैनं?"

"वाडीचं पाणी बाधलंय तिला."

त्यावर सलिमानं आणखी कळस केला. बादशहा रात्री जेवताना लेकीला म्हणाला, "मेहमुदा, शेजारच्या कालिंदीगत वागावं. ना आवाज, ना धिंगाणा. बसती कवा, उतरती कवा, कळत न्हाय." तर सलिमा मान खाली घालून म्हणाली, "तिच्या बापानं लई चांगलं वळण लावलंय." भिंतीपलीकडं मला ठसका लागला.

त्याच जानेवारीत मतदान झालं. मोहल्ल्यातल्या सगळ्या बायकांना पडद्यातून बादशहानंच नेलं, ख्वाजासाबांच्या सांगण्यावरून. सलिमाही गेली, अंगठा न उठवता पेटीत मतपत्रिका टाकून आली. येताना म्हणाली, "राज्य कुणाचं आसावं हे बायांनी सांगितलेलं चालतं. नदी कुठली कुठं मिळती हे सांगितलेलं न्हाय चालत." परीक्षेच्या फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती. बापाची असं कुठं लिहिलं नव्हतं. सलिमानं डाव्या अंगठ्याला शाई लावली आणि असा दाबला, की खालच्या तीन कागदांवर उमटला.

एप्रिलात परीक्षा आली. केंद्र दुसऱ्या पेठेत, सकाळी साडेसातला हजर व्हायचं. बाकीच्या तिघींना परीक्षा नव्हती. मी बादशहाला आदल्या दिवशी सांगितलं, "उद्या साडेसहाला कालिंदीला एकटीलाच न्यायचंय. फायनल हाय तिची." तो "व्हय व्हय" म्हणाला. मला वाटलं, जमलं! आता तीन दिवस निभावले की सुटलो.

पण संध्याकाळी बादशहा बाजारातून आला तो हातात एक पुडी घेऊन. आत नवा टाक होता, लाल लाकडी दांड्याचा, दोन निबांसकट. आणि सोबत गुळाचा खडा. त्यानं मेहमुदाला हाक मारली. "हे कालिंदीला नेऊन दे. म्हणावं, टांगेवाल्या मामूनं दिलंया. पास हो. आमच्या घरात न्हाय जमलं, तुमच्या तरी जमूं दे."

मेहमुदा ती पुडी घेऊन परसातल्या दारातून माझ्याकडे आली. पाच महिने न रडलेली पोर माझ्या चुलीपाशी बसून ढसाढसा रडली. मी म्हणाले, "अगं येडे, तुलाच मिळाला की शेवटी!"

"न्हाय काकू, कालिंदीला मिळाला," ती म्हणाली. "हॉल तिकिटावर माझं नाव हाय. मेहमुदा बादशहा. मी ह्या टाकानं ते नाव लिवणार, आन् त्यांस्नी ते ठावं नसणार? मला न्हाय जमायचं."

"सांगितलंस तर परीक्षा जाईल, पोरी. ईदनंतर कुरुंदवाड."

"ठावं हाय," म्हणाली आणि उठून गेली.

सकाळी साडेसहाला टांगा माझ्या दाराशी उभा, आमचे मालक अजून अंथरुणात. बादशहा नवाबाच्या तोंडाशी. मी परसाच्या दाराकडे बघतेय, मेहमुदा येईना. आणि तेवढ्यात पुढच्या बाजूला शेजारचं दार वाजलं. ती आपल्या घरातून बाहेर आली. स्वतःचा सलवार-कुडता, डोक्यावर ओढणी, हातात लाल टाक. सलिमा उंबऱ्यात भिंतीला धरून उभी. मेहमुदा टांग्यात चढली. पडदा पडला. टक.

नवाब खिंकाळला. "बसली का, वैनी?" बादशहानं पुढं बघत विचारलं.

मी तोंड उघडलं. कालिंदीचा बसलेला घसा मला लागला.

पडद्यातून उत्तर आलं, "अब्बा, कालिंदी न्हाय. कालिंदी कवाच नव्हती. मी हाय, मेहमुदा."

नवाबानं मान वळवली. बादशहानं वळवली नाही.

तो म्हणाला, "कवापासनं?"

"पौषापासनं."

"रोज?"

"शाळा भरली ते समदे दिस."

"आन् नेत कोण हुतं?"

"तुमीच की, अब्बा."

मी पुढं झाले, "बादशाभाई, तिची चूक न्हाय, मीच..." त्यानं पाठमोऱ्यानंच हात वर केला.

"टाक माझ्यापाशी हाय," आतून मेहमुदा म्हणाली. शब्द सुटे सुटे येत होते. "त्याच्यावर माझा हक्क हाय का न्हाय तेवढं सांगा. न्हाय म्हणालासा तर पडद्यातनंच तुमच्या हातात देते आन् खाली उतरते. पुन्यांदा शाळंचं नाव काढणार न्हाय."

बादशहा नवाबाच्या कपाळावरून हात फिरवत राहिला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. गोंडा झडलेली टोपी तेवढी दिसत होती. आणि अगदी त्याच वेळी, सकाळची नमाज आटोपून ख्वाजासाब गल्लीत वळले. अत्तराचा वास आधी आला, मग ते आले. टांग्यापाशी थांबले.

"बादशा, इतक्या सकाळी कुणाची सवारी?"

सलिमानं डोळे मिटले. बादशहानं लगाम उचलला, वर चढला, बैठकीवर नीट बसला आणि मग बोलला.

"गोष्याची हाय, ख्वाजाचाचा."

"आवाज वळखीचा वाटला रं."

"वाटंल. पण पडद्यातला आवाज ऐकायचा न्हाय, आन् आत कोण हाय ते इचारायचं न्हाय. ही शिस्त मला तुमीच लावलीया. वीस वरीस पाळतोय. आज मोडू व्हय?"

ख्वाजासाबांचा हात दाढीवर गेला आणि तिथंच राहिला. आतून पुन्हा एकदा आवाज आला. टक. ह्या वेळी जरा जोरात. बादशहानं जीभ टाळूला लावून नवाबाला इशारा दिला आणि टांगा गल्लीबाहेर पडला.

परीक्षेचे तिन्ही दिवस तो केंद्रासमोर चिंचेखाली टांगा सोडून बसून होता. तिथं भाजी विकणारी चिमणाबाई सांगते, भाडी आली तर म्हणायचा, "सवारी आत हाय." माझ्याशी मात्र महिनाभर बोलला नाही. मेहमुदा सांगायची, घरी कालिंदीचं नाव निघालं की आधी रागानं बघतात आणि मग टोपी तोंडावर ओढून हसतात.

कुरुंदवाडची मंडळी ईदेच्या आधी येऊन गेली. कानावर कुणीतरी घातलंच होतं. मुलाचा बाप म्हणाला, "आमाला सांगितलंतं, पोरगी घरात बसलीया." बादशहा म्हणाला, "ती बसली नव्हती, पावणं. मीच नेत हुतो." मंडळी चहा पिऊन उठली. जमातीत दोन महिने कुजबूज झाली. बादशहाला कुणी लग्नाच्या वरातीला बोलवेना, गोष्याच्या दोन सवाऱ्याही तुटल्या. तो काळ सोपा गेला असं मी म्हणणार नाही. जूनमध्ये निकाल लागला. मेहमुदा पास झाली, नुसती नव्हे, चांगल्या नंबरानं. त्यानंतर दोन वर्षांचं ट्रेनिंग. पंचावन्न साली ती शाळेत मास्तरीण म्हणून हजर झाली आणि छप्पन साली तिचं लग्न झालं, तेही तिनं मुलाला दोन प्रश्न विचारल्यावर. प्रश्न कुठले ते मला अजून सांगत नाही. सलिमालाही नाही. आम्ही दोघी ह्या एका बाबतीत तिच्यावर नाराज आहोत.

टांग्यातली जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. ट्रेनिंगच्या दुसऱ्या वर्षी ख्वाजासाब एका सकाळी बादशहापाशी आले, इकडंतिकडं बघितलं, खाकरले आणि म्हणाले, "माझी नात हाय. चौथी पास झालीया. पडदा जाड हाय न्हवं अजून?" आता टांग्यात मोहल्ल्यातल्या पाच पोरी असतात. पडद्याच्या दोन बाजू मेहमुदानं वाऱ्याच्या निमित्तानं कधीच वर गुंडाळल्या आहेत. वारा तसा काही खास नसतो.

सरोजिनीनं मला आजवर विचारलं नाही, की आई, माझ्यासाठी का नाही काढलीस एखादी कालिंदी? विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण मेहमुदा दर सुट्टीत बिद्रीला जायची, पुस्तकं द्यायची. यंदा सरोजिनी एस.टी.नं आली, दोन लेकरं माझ्या मांडीवर टाकली आणि फायनलला बाहेरून बसली. निकाल अजून लागायचा आहे. आमचे मालक रोज पोस्टमनला विचारतात, वर मला सांगतात की सहज विचारलं.

बादशहा अजूनही मागं बघत नाही. वय झालं, मान आखडली, असं मी म्हणते. पण एक शिस्त त्यानं बदलली. आता नुसतं ठोकलेलं चालत नाही. टक झालं की पुढं बघत तो विचारतो, "कोण?" आणि प्रत्येक पोरीनं आपलं नाव सांगावं लागतं, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं. मगच टांगा हलतो.

परवा मलाही अंबाबाईला जायचं होतं. चढले, बसले, ठोकलं.

"कोण?"

"कालिंदी," मी म्हणाले.

बादशहानं लगाम खाली ठेवला. "उतरा खाली," तो म्हणाला.

पण नवाब तोवर चालायला लागला होता.